स्टोव्ह भडकला नव्हता



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एरवी अशा शिबिरात मी करिअरवर बोलते. आज घरातली एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आपाची, आणि आमच्या चुलत भावाची परवानगी घेतली आहे.

१९९७ साल. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकाच घरात दादी, आम्ही आणि चाचाचं कुटुंब राहत होतो. मी आठ वर्षांची, आपा बारा. चाचीचा मुलगा दोन वर्षांचा. एका रात्री भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं. मारहाण नेहमीची होती. त्या रात्री चाचाने एक शब्द तीनदा उच्चारला. मला त्याचा अर्थ नीट कळत नव्हता, पण त्यानंतर सगळं घर गप्प झालं, ते आठवतं. पहाटे आरडाओरड झाली. स्वयंपाकघरात चाची जळाली होती.

तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. जाण्याआधी तिने जबाब दिला, 'चहा करताना स्टोव्ह भडकला.' जबाबाच्या आधी दादी तिच्या पलंगाशी बसून होती, मांडीवर चाचीचा मुलगा. ती असं का म्हणाली असेल, हे तुम्हीच समजा.

हवालदार घरी आले तेव्हा आपाला पुढे केलं गेलं. आदल्या रात्री दादीने तिला पढवलं होतं, 'स्टोव्ह भडक्या बोल. घर की बात घर में.' लहान पोरगी खोटं बोलणार नाही, असं लोकांना वाटतं. म्हणून तर तिला निवडलं. आपाने सांगितलं. हवालदारांनी लिहून घेतलं. तलाकचा तर कुणी उल्लेखच केला नाही.

आता इंजिनिअर म्हणून सांगते. पंपाच्या स्टोव्हमध्ये हवा भरतात, दाब वाढला तर तो फुटू शकतो. आमचा स्टोव्ह वातीचा होता. त्यात दाबच नसतो. शिवाय त्या पहाटे तो पेटलेलाच नव्हता. रात्री पुसून ओट्याखाली ठेवला होता, तसाच तिथे होता. मी पाहिला. पुढे कितीतरी वर्षं त्याच स्टोव्हवर आमचा चहा होत राहिला.

चाचीने स्वतःला पेटवलं की दुसऱ्या कुणी, हे आम्हाला आजही माहीत नाही. स्टोव्हने नाही, एवढं माहीत आहे.

आपाच्या निकाहापर्यंत आम्ही दोघी एकाच खोलीत झोपलो. यावर एक शब्द बोललो नाही. आपाला वाटायचं, मी लहान, त्या रात्री झोपले होते. मला वाटायचं, आपाने सांगितलं ते तिला खरंच वाटतं. आपा काडी ओढायला घाबरायची, तर घरचे तिला कामचुकार म्हणायचे. मला रेशनच्या रांगेत रॉकेलच्या वासाने मळमळायचं. कारण दोघींनाही माहीत होतं. एकमेकींना सांगितलं नाही.

२०२३ मध्ये चुलत भावाचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी सहज विचारलं, 'मुलाची आई कशाने गेली?' सगळ्यांनी आपाकडे पाहिलं. चाळिशीला आलेली, दोन मुलांची आई असलेली माझी बहीण पुन्हा म्हणाली, 'स्टोव्ह भडकला.' रात्री ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, 'मी खोटं बोलले.' मी म्हटलं, 'माहीत आहे. मी जागी होते.' हे एवढं बोलायला आम्हाला सव्वीस वर्षं लागली.

हे फक्त आमच्या घरात घडलं नाही. २००९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात भारतात जळून १ लाख ६३ हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्यात सुमारे १ लाख ६ हजार बायका होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या नोंदीपेक्षा हा आकडा सुमारे सहापट होता. म्हणजे कितीतरी घरांत स्टोव्ह भडकत होते, आणि ते जास्त करून तरुण बायकांनाच शोधत होते.

दादी क्रूर होती असं मी म्हणणार नाही. तिला मुलगा तुरुंगात जाईल याची भीती होती. आत्महत्या म्हटलं तर जनाज्याच्या नमाजला लोक येतील का, ही भीती होती. जमातीत काय बोलतील, ही भीती होती. पण त्या सगळ्या मोठ्यांच्या भीतीचं ओझं बारा वर्षांच्या मुलीवर टाकलं. ज्याने मारलं तो चाचा २०१५ मध्ये आजाराने गेला. त्याला कधी कुणी काही विचारलं नाही.

चाचीजवळ तेव्हा काय होतं? माहेरी गरिबी. एका रात्रीत, एका दमात दिलेला तलाक तेव्हा गावात ग्राह्य धरला जायचा. तो सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने गुन्हा झाला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. तो सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्क देतो. हे चाचीच्या वेळी नव्हतं. तुमच्या वेळी आहे. पण घरात जे घडलंच नाही म्हणून सांगितलं जातं, तिथे कायदा पोहोचत नाही.

आणखी एक. लहान मुलाची साक्ष चालत नाही, असं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. ते चूक आहे. प्रश्न समजून नीट उत्तर देता येत असेल, तर मूल साक्ष देऊ शकतं. किमान वयाची अट कायद्यात नाही.

निकाहाआधी आम्ही दोघींनी भावाला सगळं सांगितलं. तो कुणाची तरी मुलगी त्याच घरात आणणार होता, म्हणून सांगितलं. तो उठून गेला. तीन महिने बोलला नाही. आम्हाला वाटलं, चुकलं. मग एके रात्री त्याने आपाला फोन केला आणि विचारलं, 'तिला काय आवडायचं?'

आईबद्दल त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तिचं नाव निघालं तर बाकीचंही निघेल, म्हणून घरात कुणी तिचं नावच घेत नव्हतं. आपाने सांगितलं, लोणचं घालताना ती कैरीच्या फोडी मीठ लावून आम्हाला चोरून द्यायची, स्वतःही खायची. तुला झोपवताना हळू आवाजात गुणगुणायची. ते दोघं त्या रात्री तासभर बोलले.

तुमच्यापैकी कुणी आज असं काही सांभाळत असेल, तर आधी एका भरवशाच्या माणसाला सांगा. बहीण-भाऊ असतील, तर त्यांनाही विचारून बघा. कदाचित तेही जागे असतील. घरात कुणी नसेल, तर मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१ आणि मन कोंडलं असेल तर १४४१६ हे नंबर आहेत, फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. आणि उद्या तुम्ही घरातले मोठे व्हाल, तेव्हा कुठल्याही लेकराला 'असं बोल' म्हणून पढवू नका.