हातातलं होकायंत्र आणि दुसरी खूण

श्रोतेहो, आपल्या खर्डा गावापासून समुद्र लांब आहे. तरी आपल्या भागातली पोरंपोरी नौदलात जातात, शिडाची होडी चालवायला शिकतात. त्यांना मला एकच सांगायचंय. हातातल्या होकायंत्रातून किनाऱ्यावरची एक खूण पाहिली, अंश वाचले, की नकाशावर फक्त एक रेघ मिळते. त्या रेघेवर होडी नेमकी कुठं आहे, ते त्यातून कळत नाही.

नांगरताना समोरच्या बांधावरचं लिंबाचं झाड धरलं की तास सरळ जातो. पण तास कुठवर आला, ते बगलेची विहीर पाहिली तरच समजतं. मागच्या बांधावरची बाभूळ पाहून काय उपयोग? तीही त्याच तासाच्या रेघेत!

मुंबईबाहेरच्या समुद्रात हेच होतं. उत्तरेला कुलाब्याकडचं प्रॉंग्ज दीपगृह, दक्षिणेला खांदेरी बेटावरचं, १८६७ सालचं. दोन्ही जवळपास एकाच उत्तर-दक्षिण रेषेत. होडी मधोमध असली तर एक लिंब, दुसरी बाभूळ. रेघा एकमेकींवर पडतात, छेद मिळतच नाही. तेव्हा अलिबागकडचा कनकेश्वराचा डोंगर पाहा. तो बगलेला आहे, तीच तुमची विहीर. दोन खुणांमधला कोन काटकोनाच्या जितका जवळ, तितकी जागा पक्की.

होडी लहान, लाटांवर डोलते, तबकडी झुलते. घाईनं वाचू नका. झोका दोन्हीकडं किती जातो ते बघून मधला अंश धरा. पाच अंश चुकले तर दहा किलोमीटरवरच्या खुणेला पाऊण किलोमीटरहून जास्त फरक पडतो. मोबाईल खिशात नको, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं.

उपग्रहावर चालणारं जीपीएस आहे की, असं पोरं म्हणतात. अरे, अभिलाष टॉमी यांनी गोल्डन ग्लोब या होड्यांच्या शर्यतीत एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून २०२३ साली दुसरा क्रमांक मिळवला, त्या शर्यतीत जीपीएसला मनाईच होती!

सराव गावातही होतो. मोकळ्या रानात उभं राहून किल्ल्याचा बुरूज पाहा, अंश लिहा. मग वळून पाण्याची टाकी पाहा. दुसरी खूण, बाळांनो, दुसरी खूण! दोन्ही रेघा तालुक्याच्या नकाशावर ओढा. छेद तुमच्या पायाखालीच येतो का, ते बघा. तिसरी खूण घेतली की छोटा त्रिकोण होतो, तो का होतो आणि ओहोटीच्या ओढीचा हिशेब त्यात कसा... वेळ संपल्याची खूण झाली.