बंद पडणारी मोटार : निदान आणि घाई



या व्यासपीठावर अर्थकारण, संतवाङ्मय, राज्यघटना असे भारदस्त विषय नेहमी येतात. त्यांच्या पंगतीला जुन्या मोटारीने येऊन बसावे हे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. पण ज्याने पै-पै साठवून दुसऱ्या हातची गाडी घेतली आणि ती घाटाच्या मध्यावर, मागे मालट्रकांची रांग असताना बंद पडली, त्याला हा विषय हलका वाटत नाही. तेथे पैशाचा प्रश्न तर असतोच, पण प्रसंगी जिवाचाही असतो.

उदाहरणाला आपली जुनी ओळखीची गाडी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून तयार होणारी आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर पोचलेली. मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण हौशी मालकांनी ती अजून सांभाळली आहे. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, कार्बोरेटरवर चालणारे. त्याला मुख्यतः दोन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी आणि बेताचे पेट्रोल. पहिला प्रश्न एवढाच, की या दोहोंपैकी काय तुटले?

याचे अर्धे उत्तर गाडी स्वतःच देते. दिवा फुंकावा तशी ती एकाएकी विझली, तर संशय विजेवर घ्यावा. धापा टाकीत, आचके देत थांबली, तर पेट्रोलवर. खड्ड्यात दचकून बंद पडली, तर एखादी तार सैल असण्याचा संभव फार. हे नियम नव्हेत, खुणा आहेत. पण त्या बंद पडण्याच्या क्षणीच दिसतात.

खरा घोटाळा पुढे आहे. गाडी बंद पडते, वीस मिनिटे झाडाखाली उभी राहते आणि काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. हे एकच लक्षण निदान तीन रोगांचे असू शकते. कॉइलमधली तार तापली की आत सांधा सुटतो किंवा आवरण फुटते आणि ठिणगी मरते. निवली की पुन्हा जुळते. इंजिनाला लागून असलेला पंप तापला की त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ घोळवीत बसतो. किंवा टाकीतला गंज नळीच्या तोंडाशी ओढला जातो आणि ओढ थांबली की खाली बसतो. तिन्ही आजार विश्रांतीने बरे होतात, म्हणून गॅरेजात पोचेपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी चालू लागते. मिस्त्री बिचारा निरोगी गाडी तपासतो.

मग सुरू होते भाग बदलण्याची माळ. आज प्लग, उद्या कॉइल, परवा पंप. तीन भाग एकदम बदलल्यावर गाडी चालली, तर कोणता दोषी होता हे कुणालाच कळत नाही. न चालली, तर पैसे गेलेच. भाग बदलणे म्हणजे निदान नव्हे.

मग करावे काय? गाडी कडेला घ्यावी, हातब्रेक ओढावा, धोक्याचा त्रिकोण मागे ठेवावा. मग तापलेल्या गाडीतच तपासणी करावी. एक जादा प्लग तारेच्या टोकाला लावून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकेल असा अडकवावा, हाताने धरू नये, आणि सोबत्याला सेल्फ मारावयास सांगावे. जवळपास पेट्रोल सांडलेले असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये. ठिणगी नसेल, तर चोर बहुधा कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांच्या तारा यांत आहे. ठिणगी खणखणीत असेल, तर टाकीचे झाकण उघडावे. हवा सुस्कारा टाकून आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचे छिद्र बुजले असावे. तसे नसेल, तर पंपावर ओले फडके ठेवून किती मिनिटांत गाडी सुरू होते ते घड्याळावर पाहावे. पुढच्या खेपेस फडक्याविना पाहावे. दोन्ही वेळा तेवढाच अवकाश लागला, तर पंप तापल्याचा संशय सोडून टाकी व नळी साफ करवून घ्यावी.

आणि एक वही ठेवावी : किती मैल चालली, चढ होता का, टाकीत पेट्रोल किती, कशी थांबली. मिस्त्रीच्या हातात नुसती किल्ली देण्यापेक्षा ही वही दिली, तर त्याचे कसब सार्थकी लागते.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, पॉइंट नाहीत. पण तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर आहेच. संगणकाने सांगितलेला कोड ही साक्ष होय, निकाल नव्हे. कोड दिसला की भाग बदलावयाचा, ही तीच जुनी घाई नव्या वेषात.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्यापूर्वी पारखा. जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या खिशाला याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.