तणनाशकातली भर आणि रब्बीचं रान



सोयाबीन उगवल्यावर मारायच्या तणनाशकाबद्दल आज थोडं बोलायचं आहे. खरं तर औषधापेक्षा, औषधाच्या पाण्यात जी भर घालतात तिच्याबद्दल. इमॅझेथापायर 10 टक्के हे औषध एकरी 400 मिली आणलं, नुसतं पाण्यात घालून मारलं आणि तीन आठवड्यांनी पाहावं तर अर्धं तण उभंच. मग शेजारी सांगतो, "पुढच्या वेळी एकरी 600 टाक." तण मरेलही. पण ते जादा 200 मिली शेवटी मातीतच जातं, आणि रब्बीच्या पेऱ्यापर्यंत त्याचा काही अंश टिकू शकतो.

अशा वेळी बहुधा औषध कमी पडलेलं नसतं, ते पानात शिरलेलं नसतं. अळवावरचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. थेंबाचा मोती होतो आणि घरंगळून जातो. पुष्कळ तणांच्या पानांवर तसाच मेणचट थर असतो. पानावर पसरणारं द्रव्य, ज्याला दुकानात स्प्रेडर किंवा स्टिकर म्हणतात, ते पाण्यात असलं की थेंब चपटा होतो, पानावर पसरतो आणि औषध आत जातं. हे द्रव्य स्वतः तण मारत नाही. औषधाला दार उघडून देतं, एवढंच त्याचं काम.

दुसरी भर म्हणजे अमोनियम सल्फेट. आपल्या कित्येक विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, ते हे पाणी. त्यातला चुना काही तणनाशकांना धरून ठेवतो. टू-फोर-डीचं अमाईन क्षार औषध फार जड पाण्यात फाटतंसुद्धा, आणि मग त्याचा साका नोझलमध्ये अडकतो. अमोनियम सल्फेट आधी विरघळवलं की चुन्याचा जोर कमी होतो, शिवाय औषध पानात शिरायला मदत होते.

इमॅझेथापायरसाठी मापं अशी. एकरी 200 लिटर पाणी धरलं, तर 15 लिटरच्या पंपाला औषध 30 मिली, अमोनियम सल्फेट लिटरला 2 ग्रॅमप्रमाणे 30 ग्रॅम आणि पसरणारं द्रव्य लिटरला दीड मिलीप्रमाणे 22 मिली. तरी बाटलीबरोबरची चिठ्ठी वाचा. काही औषधांत ही भर कारखान्यातच घातलेली असते. तिथं पुन्हा घातली तर सोयाबीनचं पान भाजतं. पाणी गढूळ नको. आधी अर्धा पंप पाणी, त्यात अमोनियम सल्फेट पूर्ण विरघळवा, मग औषध आणि सर्वांत शेवटी पसरणारं द्रव्य. ते आधी घातलं तर नुसता फेस होतो. तण दोन ते चार पानांवर असताना, जमिनीत ओल असताना मारा. हे औषध सावकाश चालतं. आधी वाढ थांबते, शेंडा पिवळा पडतो, आणि मरायला दोन-तीन आठवडे लागतात. आठव्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेऊ नका.

आता घरगुती भर. कुणी धुण्याची पावडर टाकतो, कुणी मीठ. पावडरीत सोडा असतो, तो औषधाला मानवेलच असं नाही. मिठाचं तर नावच काढू नका. काळ्या रानाला त्यातला सोडियम घट्ट आणि चिकट करतो, मग निचरा बसतो. तणनाशकातच कीडनाशक आणि टॉनिक मिसळून एक फेरी वाचवायची सवयही मला पसंत नाही. वाचलेली मजुरी पुष्कळदा पिकाच्या पानावर दिसते.

पेरणीनंतर लगेच मातीवर मारायच्या औषधांची, म्हणजे पेंडिमिथॅलिनसारख्यांची, गोष्ट वेगळी. तिथं पान नाही, तेव्हा पानावर पसरणाऱ्या द्रव्याचा तसा उपयोगही नाही. उलट काही तेलकट द्रव्यांमुळे मातीतल्या औषधाचं विघटन मंदावतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. तण जास्त दिवस दबतं हे खरं, पण औषधही तितकंच जास्त राहतं. चिठ्ठीवर सांगितलं नसेल तर अशी भर घालू नये.

मातीतलं इमॅझेथापायर संपवतात ते मुख्यतः सूक्ष्म जीव, आणि त्यांना ओल व ऊब लागते. पावसानं ताण दिला की त्यांचं काम थंडावतं. त्यात मात्रा वाढवलेली असली, किंवा बांधाकडेला वळताना पट्टे एकावर एक पडलेले असले, तर धोका वाढतो. सोयाबीनमागे हरभरा घेणाऱ्याला त्यामानानं काळजी कमी, कारण तोही द्विदल आहे. मोहरी, कोबी आणि बीट मात्र नाजूक. ज्वारीलाही हे औषध सोसत नाही.

शंका असेल तर पेऱ्याआधी पंधरा दिवस दोन कुंड्या भरा. एकीत फवारलेल्या रानातली, बांधाकडेची, वरच्या चार बोटांतली माती. दुसरीत न फवारलेल्या तशाच रानातली. दोन्हींत मोहरीचे पंधरा-वीस दाणे टाका, सारखं पाणी द्या. पहिल्या कुंडीतली रोपं खुरटी, पिवळी दिसली तर त्या रानात यंदा ज्वारी किंवा भाजी नको, हरभरा टाका.