जुना डाख सोडविताना



विद्युत् गिटारच्या पोटातील डाखलेल्या तारा कशा सोडवाव्यात, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. तार जोडताना चूक झाली, तर ती दुसऱ्यांदा जोडता येते. सोडविताना झालेली हानी मात्र पुष्कळदा भरून निघत नाही.

बोलण्याच्या सोयीसाठी एकच वाद्य समोर ठेवू. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तारांची कंपने टिपणारे तीन पिकअप, आवाजाचा एक आणि स्वराच्या पोताचे दोन असे तीन नियंत्रक, व एक निवड-कळ हे सारे तिच्या दर्शनी पट्टीवरच बसविलेले असते. म्हणून वाद्याच्या तारा उतरवून पट्टीचे स्क्रू काढले, की सगळी यंत्रणा एकदम हाती येते. लाकडी अंगाशी तिला बांधून ठेवणाऱ्या तारा मोजक्याच असतात: ध्वनिवर्धकाची दोरी जेथे खोचतात त्या जॅककडे जाणाऱ्या दोन, आणि मागच्या पोकळीतील स्प्रिंगांच्या पंजाला डाखलेली एक.

पण डाखणीला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा. हे सोडविण्याची खरोखरच गरज आहे काय? पिकअप मुका झाला अशी शंका असेल, तर जॅकमध्ये दोरी खोचून तिच्या दुसऱ्या टोकाला ओहममापक लावावा, आवाज पूर्ण ठेवावा आणि कळ एकेका पिकअपवर आणावी. मापक पाच-सहा हजार ओहम दाखवीत असेल, तर वेटोळे शाबूत आहे असे समजावे. वेटोळे तुटलेले असेल, तर केवळ नियंत्रकाचा रोध, म्हणजे सुमारे अडीच लाख ओहम, दिसेल. एकही तार न सोडविता निदान झाले! हा खटाटोप कंटाळवाणा वाटतो खरा. पण जुन्या वाद्यात कारखान्यातला अस्पर्श डाख हा एक पुरावाच असतो. नियंत्रकाच्या पाठीवर ठोकलेले आकडे त्याचा निर्माता, वर्ष आणि आठवडा सांगतात. ३०४ ६३१२ असे आकडे असतील, तर तो स्टॅकपोल कंपनीने १९६३ च्या बाराव्या आठवड्यात केलेला नियंत्रक होय. परंतु तो नियंत्रक याच गिटारीत मुळापासून होता की मागाहून आला, याची साक्ष आकडे देत नाहीत. ती देतो त्याच्यावरचा जुना डाख. तो एकदा वितळला, की ती साक्ष गेली.

सोडविणे अटळच असेल, तर प्रथम छायाचित्र घ्यावे, आराखडा काढावा, आणि प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधावी. मग गिटारचा रंगवलेला भाग जाड कापडाने झाकावा, कारण उडालेला डाखाचा थेंब रंगावर कायमचा व्रण ठेवतो.

कथील ६० आणि शिसे ४० भाग असलेला जुना डाख १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागतो आणि १९० च्या सुमारास पुरता वितळतो. शिसेविरहित डाखाला २१७ अंशांहून थोडी अधिक उष्णता लागते. इस्त्री तापली, की तिच्या टोकाला ताज्या डाखाचा पातळ लेप द्यावा. भांड्यांना कल्हई करणाऱ्याला याचे मर्म सांगावे लागणार नाही. मळलेल्या पृष्ठभागावर कथील बसत नाही. त्यानंतरची कृती नवख्याला उलटी वाटते: जुना डाख काढावयाचा, म्हणून त्यावर थोडा नवा डाख घालावयाचा. नव्यातील राळ जुन्याच्या पृष्ठावरील गंज हटविते आणि उष्णता झपाट्याने आत शिरते. दोन-तीन सेकंदांत सांधा चकाकला, की चिमट्याने तार अलगद उचलावी. ओढू मात्र नये. कारागिराने तार कानाच्या भोकातून वळवून दाबलेली असते. आधी ते वळण सरळ करावे लागते. उरलेला डाख तांब्याच्या विणलेल्या फितीने टिपावा.

नियंत्रकाची पाठ ही धातूची पसरट टोपी असल्याने उष्णता पिऊन टाकते. तेथे बारीक टोकाची दुबळी इस्त्री धरून मिनिटभर बसणे हा सर्वांत घातक मार्ग. तेवढ्या वेळात आतील कार्बनची पट्टी बिघडू शकते. रुंद टोकाची, जोमदार इस्त्री थोडाच वेळ टेकवावी, आणि एका प्रयत्नात न निघाल्यास थंड होऊ द्यावे. पंजाचेही तसेच, तो तर याहून जड असतो.

आणखी एक पथ्य आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे. पिकअपची तार नियंत्रकाच्या किंवा कळीच्या बाजूने सोडवावी, पिकअपच्या बाजूने कधीही नव्हे. तेथे वेटोळ्याची जी टोके डाखलेली असतात, त्यांची जाडी मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या हिश्शाएवढी, म्हणजे केसासारखी असते. इस्त्रीचा किंचित धक्का त्यांना पुरेसा होतो, आणि मग हजारो वेढे पुन्हा गुंडाळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तार कात्रीने कापून टाकण्याचा मोहही टाळावा. जुन्या गिटारींतील तारा मुळातच तोकड्या असतात; बोटभर तुकडा गेला, तरी ती पुन्हा पोहोचत नाही.

वर येणारा धूर मुख्यतः राळेचा असतो. तो छातीत घेऊ नये. खिडकी उघडी असावी. शिसे धुरातून नव्हे, तर बोटांवाटे पोटात जाते. काम आटोपल्यावर, चहाचा पेला उचलण्याआधी, हात साबणाने धुवावेत.