हंगाम कोण ठरवतो?



युनियनवाल्यांनी बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे; जर्मनीतल्या वादकांच्या हंगामाशी त्यांना काय करायचे आहे, असे आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल. वाटणे रास्त आहे. पण वाजवणे हेही कामच आहे. आणि काम म्हटले की ते कोणी ठरवायचे आणि त्याचा दाम काय, हे प्रश्न आलेच. संगीतशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. करार वाचायला मात्र शिकलो आहोत, आणि एका वाद्यमेळाचा हंगाम आज करारासारखाच वाचणार आहोत.

हा मेळ फ्रँकफुर्टचा, नाव एन्सेम्बल मॉडर्न. १९८० साली तरुण वादकांच्या एका वृंदातून तो निघाला आणि १९८५ पासून फ्रँकफुर्टला स्थिरावला. मोठ्या वाद्यवृंदात एकच ओळ दहा-बारा व्हायोलिने मिळून वाजवतात. इथे बहुतेक वाद्यांना एकेकच माणूस. बासरीवाला चुकला तर झाकायला शेजारी कोणी नाही. आणि वाजवायचे ते आजचे किंवा नुकत्याच सरलेल्या शतकातले. वर्षाकाठी सुमारे १०० कार्यक्रम, ७० एक नव्या रचनांच्या तालमी, आणि त्यांतल्या २० च्या आसपास अशा की ज्या पूर्वी कोणी कुठेच ऐकलेल्या नाहीत. म्हणजे हंगामाची पुस्तिका छापून हाती येते तेव्हा तिच्यातल्या काही रचनांची शाईसुद्धा वाळलेली नसते. रसिकाने हंगामाची वर्गणी भरायची ती मालाचा नमुना न पाहता! आपल्याकडे गवयाचे नाव पाहून तिकीट काढतात. तिथल्या श्रोत्याला मेळाच्या निवडीवरच भरवसा ठेवावा लागतो.

मग ही निवड करतो कोण? बहुतेक वाद्यवृंदांत मुख्य संचालक आणि व्यवस्थापक मिळून ती करतात. वादकाने आपली पाळी भरायची. ह्या मेळाला कायमचा कलासंचालकच नाही. वादक स्वतः भागीदार आहेत. काय वाजवायचे, कोणाकडून नवी रचना लिहवून घ्यायची, कोणाला आपल्यात घ्यायचे, हे सगळे बैठकीत ठरते. वृंदसंचालक बोलावतात तो त्या त्या कामापुरता. मुकादमाची नेमणूक मजुरांनी करावी, असा हा प्रकार आहे.

आपल्या नाटक मंडळ्यांची आठवण इथे कोणाला झाली असेल. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे कलावंतच तिचे मालक होते. पण मालक तिघेच. बाकीचे पगारी नट. आणि तिघांची भागीदारीही पुढे टिकली नाही. फ्रँकफुर्टची भागीदारी चाळीस वर्षांहून अधिक टिकली आहे.

हे ऐकून आमच्या चळवळीतल्या मंडळींचे डोळे चमकतील. पण थोडे थांबावे, कारण कराराचे दुसरे पान उलटायचे राहिले आहे. जर्मनीत सरकारी पैशावर चालणाऱ्या वाद्यवृंदांतल्या वादकांची संघटना १९५२ पासून आहे. २०२२ साली तिने युनिसोनो हे नाव घेतले. तिच्या सामुदायिक करारामुळे तिथल्या वृंदातल्या वादकाला महिन्याचा पगार मिळतो, रजा आणि निवृत्तिवेतन मिळते. आमच्या ह्या मेळातले वादक त्या छत्राखाली नाहीत. त्यांना कामागणिक पैसे. २०२० साली साथीमुळे सभागृहांना कुलुपे लागली, तेव्हा पगारी वादक आणि सुटा वादक यांत अंतर काय असते, हे जर्मनीत सगळ्यांनी पाहिले.

तेव्हा पगारी नोकरी बरी, असे म्हणावे, तर तिथेही ठेच आहे. बाडेन-बाडेन आणि फ्रायबुर्ग इथला रेडिओचा वाद्यवृंद नव्या संगीतासाठी जगभर नावाजलेला होता. पैसे वाचवायचे म्हणून रेडिओच्या कारभाऱ्यांनी २०१६ साली तो स्टुटगार्टच्या वृंदात विलीन करून टाकला. वादक, संगीतकार, श्रोते, सगळ्यांनी विरोध केला. उपयोग झाला नाही. करार होता, पण त्यात वृंद राहावा की मोडावा हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. कोणत्याही बंद कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिलेल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही.

वादकांचा हक्क टिकतो तो आणखी एका कारणाने. फ्रँकफुर्ट शहर, हेसेन राज्य आणि जर्मन केंद्राचे सांस्कृतिक प्रतिष्ठान ह्या मेळाला पैसा देतात. केवळ तिकिटांवर न ऐकलेले संगीत जगणार नाही. लोकांच्या करातून हा पैसा का द्यावा, असा प्रश्न विचारणारे तिथेही आहेत, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याचे एक उत्तर हे वादक कामातून देतात. १९९३ पासून ते फ्रँकफुर्टच्या ऑपेरागृहात एक माला चालवतात. तिच्यात आधी संगीतकाराला समोर बसवून रचनेवर बोलणे, तुकडे वाजवून दाखवणे, आणि मग वाजवणे. व्याख्यानमालाच म्हणा ना!

हे संगीत कानाला सोपे नाही, हे आम्ही लपवत नाही. सुरुवात करायची तर एका कामापासून करावी. हान्स आइस्लर हा मजुरांच्या मोर्च्यांसाठी गाणी रचणारा संगीतकार. त्याच्या अनेक गाण्यांचे शब्द ब्रेख्तचे. १९९८ साली त्याच्या जन्मशताब्दीला हाइनर ग्योबेल्स यांनी त्याच्या रचना घेऊन ‘आइस्लरमटेरियाल’ हा कार्यक्रम ह्याच मेळासाठी बांधला. वादक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. मधली जागा मोकळी, तिथे आइस्लरचा छोटा पुतळा. काठी हलवणारा कोणी नाही. एकमेकांकडे पाहून, एकमेकांचे ऐकून ते ताल धरतात. गातो तो योझेफ बीरबिखलर, म्हणजे गवई नव्हे, नट. त्याचा आवाज साधा, किंचित थकलेला; पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाचा असावा तसा.

त्याचे ध्वनिमुद्रण २००२ साली निघाले. येत्या रविवारी सायंकाळी सहाला ते आमच्या कचेरीत लावणार आहोत. खुर्च्या थोड्या आहेत, तेव्हा लवकर यावे.