स्वतःच्या मनातून उतरताना

शिरूरकर आणि भीमेपलीकडून आलेले दौंडकर श्रोतेहो,

लोकांच्या मनातून उतरलेला माणूस गाव सोडून जाऊ शकतो. स्वतःच्याच मनातून उतरलेल्याने जावे कोठे? मापात पाप करणारा दुकानदार पहिल्या दिवशी लाजतो. पुढे तो म्हणू लागतो, 'सगळेच करतात.' आमच्या मते स्वाभिमानाला खरा धोका या दुसऱ्या दिवसापासून असतो.

न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा बोल खरा करून दाखविण्याची वेळ आली. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. टीका व्हायची ती झाली. तरी आपल्या वागण्याला शोभावे म्हणून त्यांनी आपले तत्त्व खाली आणले नाही. घरातील बायकांचा विरोध असताना त्यांनी पत्नीला शिकविले; त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारले. एवढ्याने पहिली गोष्ट पुसली गेली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाच्या सल्लागारांत हेच रानडे होते. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली नेल्या. पालकांची काळजी खोटी नव्हती. बाईंनी आपली प्रार्थना दाराआड लपविली असती, तर कदाचित संस्था शाबूत राहिली असती. त्यांनी ती लपविली नाही, नुकसान सोसले. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आसरा देणारे त्यांचे मुक्तिसदन १८९८ साली आपल्या दौंड तालुक्यात, केडगावला उभे राहिले.

त्यांचा धर्म आपल्याला पटो वा न पटो. आत एक आणि बाहेर एक असे जगणे त्यांनी नाकारले. एवढे बळ प्रत्येकाला असतेच असे नाही. आपण बहुतेक जण रानड्यांसारखे कधीतरी नमतो. नमल्यावर दोन गोष्टी हातात उरतात: जे चुकले त्याला चूकच म्हणणे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे देणे फेडू लागणे. तत्त्व मोडले की स्वाभिमानाला तडा जातो. तत्त्वच कापून कृतीच्या मापाचे केले, की तो उरत नाही.