टायरचा पिवळा दिवा

डिसेंबरमधली पहाट. गावाला जायला गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखं चित्र, मध्ये उद्गारचिन्ह. टायरमध्ये हवा कमी आहे, असा त्याचा अर्थ. थंडीत हे बरेचदा होतं, कारण तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो.

अनेकजण थेट रीसेटचं बटण दाबतात. कृपा करून असं करू नका. बऱ्याच गाड्यांत टायरच्या आत दाब मोजणारं काही नसतंच. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, म्हणून इतरांपेक्षा भरभर फिरतं. एबीएसचे सेन्सर तेवढा फरक टिपतात. बटण दाबणं म्हणजे गाडीला सांगणं, 'आत्ताची हवा बरोबर आहे, हीच लक्षात ठेव.' कमी हवेवर रीसेट केलं, तर तीच गाडीला योग्य वाटू लागते!

तेव्हा आधी पंक्चर नाही ना ते पाहा. गाडी तीनेक तास उभी राहून टायर गार झाले, की ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली हवा भरा. मगच रीसेट. त्याची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

काही गाड्यांत मात्र प्रत्येक चाकात, वॉल्व्हपाशी, छोटा सेन्सर असतो. तिथे हवा भरून गाडी थोडं अंतर चालवली की दिवा बहुधा आपोआप विझतो. टायर काढताना कारागिराला त्या सेन्सरची कल्पना द्या, तो सहज तुटतो. आणि दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बिघाड यंत्रणेतच असतो; तेव्हा गाडी वर्कशॉपमध्ये दाखवा.